कानाने केलेले काम

मैफलीत निवेदक नावे सांगतो तेव्हा गायकानंतर तबला येतो, मग हार्मोनिअम, आणि सगळ्यात शेवटी, लक्षात राहिले तर, तंबोरा. माझे नाव त्या शेवटच्या जागी बरीच वर्षे पुकारले गेले. कधी आडनाव बदलून पुकारले, कधी ‘तंबोऱ्यावर त्यांच्या शिष्या’ एवढ्यावर भागवले. त्याचे वाईट वाटण्याचे वय गेले. पण मागे बसणाऱ्याला एक गोष्ट अशी मिळते, जी पहिल्या रांगेतल्या पासवाल्यालाही मिळत नाही. भोपळा मांडीला टेकलेला असतो, दांडी कानाशी असते आणि तीन-तीन तास चार तारा छेडण्याखेरीज दुसरे काही करायचे नसते. गाणे कसे झाले याची चर्चा बाकीचे करतात. माझ्या डोक्यात घोळत राहते ते वाद्य. हे केले कुणी, आणि सगळे जग यंत्रावर गेले तरी हे अजून हातानेच का करतात?

उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. सांगलीकराला मिरज म्हणजे सिटी बसचे अंतर. तिथे मिरासाहेबांच्या दर्ग्यापासून चालत जाण्याच्या टप्प्यात सतारमेकर गल्ली आहे. शिरताना आधी भुशाचा आणि पॉलिशचा वास येतो, मग कुठल्या तरी दुकानातून एकच तार पुन:पुन्हा छेडल्याचा आवाज. छतापासून भोपळे टांगलेले असतात, भिंतीला बिनतारेच्या दांड्या उभ्या असतात. भारतातल्या कुठल्याही मोठ्या गवयाच्या मागे उभे असलेले तंबोरे पाहा, त्यांतला एखादा तरी या गल्लीतून गेलेला निघण्याचा संभव मोठा.

हाताच्या कामाबद्दल हल्ली दोन सुरांत बोलले जाते. एक रडका: यंत्राने सगळे गिळले. दुसरा प्रदर्शनातल्या पाटीवरचा: प्रत्येक वस्तूत कारागिराचा जीव ओतलेला आहे. मिरजेचा इतिहास या दोन्ही सुरांत लागत नाही. इथला धंदा जन्मला तोच एका जुन्या धंद्याच्या मरणातून. वाढला तो रेल्वे आणि छापील अभ्यासक्रमांच्या जोरावर. आणि गेली पावणेदोनशे वर्षे तो यंत्राला एकेक काम राजीखुशीने देत आला आहे. एक काम मात्र त्याने दिलेले नाही.

मिरज पटवर्धनांची. पेशवाईत पटवर्धन हे घोडदळाचे मोठे सरदार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदर आणि टिपूविरुद्धच्या मोहिमांत त्यांचे पथक वारंवार कर्नाटकात उतरे. जिथे एवढे घोडदळ तिथे तलवारी, कट्यारी, भाले. आणि जिथे हत्यारे तिथे त्यांना धार लावणारे, झिलई देणारे शिकलगार. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. संस्थान राहिले, गादी राहिली, पण लढाई उरली नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हाच गुन्हा ठरवला. शिकलगारांच्या हातातले कसब जागच्या जागी होते, फक्त त्याला गिऱ्हाईक नव्हते.

या कायद्याच्या आधीच, १८५० च्या सुमारास, याच समाजातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले, अशी मिरजेची परंपरा सांगते. दरबारात उत्तरेकडचे गवई-वादक येत, त्यांची वाद्ये प्रवासात मोडत, आणि ती दुरुस्त करणारा आसपास कुणी नसे. म्हणून सुरुवात दुरुस्तीपासून झाली. नवे वाद्य करणाऱ्याला आपल्या गुरूचेच काम दिसते. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती दहा घरांची वाद्ये येतात, उघडली जातात आणि कुठे कोण चुकले तेही दिसते. पुढे या घराण्याने सतारमेकर हे आडनावच लावले आणि कसब पुढच्या पिढ्यांत पसरत गेले.

हत्यारांचा माणूस वाद्यांत कसा रमला, याचे लोकांना नवल वाटते. मला वाटत नाही. सुतारकाम त्यांना नव्याने शिकावे लागले असेल, पण एक गोष्ट त्यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती: कानस कुठे फिरवायची, आणि त्याहून अवघड, कुठे थांबवायची. धार लावताना एक हात जास्त फिरला तर पाते गेले. तंबोऱ्याच्या घोडीचेही तसेच आहे. त्या घोडीकडे मी पुढे येणारच आहे, कारण या सगळ्या गोष्टीचा जीव तिच्यात आहे.

धंद्याला बाळसे धरायला मात्र गाणे लागते, आणि मिरजेच्या नशिबाने ते चालून आले. गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन १८७५ पासून १९३९ पर्यंत गादीवर होते आणि गाण्याचे शौकीन होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. फटाक्याने डोळे भाजलेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारांसाठी मिरजेत आला, अंधुक नजरेने काय करायचे म्हणून बाळासाहेबांच्या आश्रयाने बुवांकडे गाणे शिकू लागला. तो विष्णु दिगंबर पलुस्कर. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका छोट्या स्टेशनवर त्यांचा अंत झाला आणि दफन मिरजेच्या दर्ग्यात. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात अजून गाणे होते, आणि त्या हजेरीला जे तंबोरे लागतात ते अर्थातच शेजारच्या गल्लीतून येतात.

खाँसाहेबांविषयी गाणाऱ्यांच्या जगात एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: वाद्यदुरुस्तीत त्यांचा हात चालायचा. एवढा मोठा गवई कानस घेऊन घोडी घासत बसलाय, हे चित्र आजच्या ग्रीनरूममध्ये कुणाला पटायचे नाही. पण किराण्याचे गाणे म्हणजे एकेका स्वरावर तळ ठोकून राहणे. ज्याला षड्जावर इतका वेळ बसायचे आहे, तो मागचा षड्ज कच्चा कसा चालवून घेईल? अशा गवयांमुळे मिरजेच्या कारागिरांना जगातली सगळ्यात खवट आणि सगळ्यात उपयोगी गिऱ्हाइके मिळाली. वाद्य तयार झाले की ऐकणारा दोन गल्ल्या पलीकडे राहत होता, आणि पसंत पडले नाही तर तो ते परत घेऊन येत होता.

मग दोन गोष्टींनी बाजार मोठा केला, आणि दोन्ही आधुनिक. पहिली रेल्वे. १८८० च्या दशकाच्या अखेरीला पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून गेला, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा जोडला गेला, आणि मिरज जंक्शन झाले. पाच फुटी तंबोरा बैलगाडीतून मुंबईला नेणे आणि आगगाडीने नेणे यांत वाद्य जगण्या-मरण्याइतका फरक होता. दुसरी गोष्ट संगीतशाळा. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत; गाणे उस्तादाच्या कोठीतून वर्गात आले, त्याला पुस्तके आली, परीक्षा आल्या, आणि ब्राह्मण-मराठा घरांतल्या मुली ‘प्रवेशिका’ला बसू लागल्या. १९३१ मध्ये पलुस्कर मिरजेतच वारले. त्याच वर्षी शिष्यांनी स्थापलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी पुढे गावोगावी गायनवर्ग उभे केले. वर्ग म्हटला की एक तरी तंबोरा आला. मिरजेच्या गल्लीला राजाश्रयाने जन्म दिला, पण तिचे पोट भरले ते फी भरणाऱ्या मध्यमवर्गाने.

आता तो तंबोरा होतो कसा ते पाहू. सुरुवात शेतात होते. खाण्याचा दुध्या वेगळा आणि हा कडू भोपळा वेगळा. जाड सालीचा, पोटाने मोठा, आणि मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूला भीमेच्या काठी होणारा. वेलावर तो नीट बसवावा लागतो, नाही तर एका बाजूला चपटा होतो. पिकून वाळला की व्यापारी-कारागीर तो पारखून घेतात: सालीची जाडी, आकार, आणि टिचकी मारून येणारा नाद. उसाच्या पाण्याने त्या भागाचे शेत पालटले. उसासमोर भोपळ्याला रान मिळणे अवघड झाले, आणि अवेळी पाऊस झाला तर वेलावरच भोपळे कुजतात. चांगला भोपळा मिळाला की कारागीर तो लगेच वापरत नाहीत, राखून ठेवतात.

भोपळ्याचे तोंड कापून तो पाण्यात भिजवतात, आतला गर-बिया खरवडून काढतात आणि ओला असतानाच आतून काटक्यांचे ताण देऊन त्याला आकार देतात. तो तसाच वाळतो. त्यावर लाकडी गुलू बसतो, गुलूला पोकळ दांडी जोडली जाते, भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर तबली चढते. लाकूड बहुधा तून. हलके, सरळ रेषांचे आणि आवाजाला मोकळे. तबली किती जाड ठेवायची हे मोजपट्टीवर ठरत नाही. मधे जरा जाड, कडेला पातळ, आणि मधूनमधून बोटाने ठोकून ऐकणे. मग खुंट्या, मेरू, नक्षीची पाने, वेलबुट्टी, लाखेचे पॉलिश, तारा, मणी.

या यादीतून गेल्या शंभर वर्षांत काय काय यंत्राकडे गेले ते मोजा. तारा कारखान्यातून येतात. चांगल्या पोलादी तारेसाठी जर्मनीतल्या रोसलाऊचे नाव गल्लीत अजून आदराने घेतात. लाकूड यंत्राच्या करवतीवर कापून येते. भोके ड्रिलने पडतात. नक्षीत पूर्वी हस्तिदंत असे, मग सेल्युलॉइड आले, आता प्लास्टिकच्या पट्ट्या. घोडीला हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी ते थांबवले, आणि कारागीर उंटाच्या हाडाकडे, शिसवी लाकडाकडे, फायबरकडे वळले. यातल्या एकाही बदलाने मिरजेत कुणी छाती पिटून घेतलेली नाही. जे यंत्राने बरे होते ते यंत्राने करावे, हा इथला साधा हिशेब. अस्सलपणाची चिंता ज्याला दुकान चालवायचे नसते त्याला जास्त.

सगळे जोडून झाल्यावर तारा चढवतात आणि छेडतात. तेव्हा जो आवाज येतो तो ऐकून तुमची निराशा होईल. तो तारेचा आवाज असतो, तंबोऱ्याचा नसतो. तंबोरा अजून व्हायचा असतो. तो होतो जवारीने.

तबलीवर बसवलेल्या घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो. हात फिरवला तर कळते की तो एका बाजूला अगदी किंचित उतरता आहे. तार त्या उतारावरून टेकत-टेकत सुटते. छेडलेली तार थरथरताना दर वेळी त्या उताराला शिवते आणि सुटते, शिवते आणि सुटते; त्या शिवण्यातून मूळ स्वराच्या वरचे स्वर जागे होतात. खर्जाच्या तारेतून, जो कुणी छेडलेलाच नाही असा गंधार ऐकू येतो. आमच्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज झाकतो किंवा फुलतो.

हा उतार, म्हणजेच जवारी, कानशीने आणि काचपेपरने काढायचा असतो. किती अंशांचा, याला आकडा नाही. तार जाड-बारीक, पट्टी वरची-खालची, गाणारा पुरुष की बाई, त्याला खुली जवारी हवी की बंद, यावर तो बदलतो. कारागीर चार हात घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा दोन हात. मी त्यांच्यासमोर बसून हे कितीदा पाहिले आहे. ज्या कारागिराला आम्ही चाचा म्हणतो, त्यांचे डोळे अशा वेळी घोडीवर नसतातच, समोरच्या भिंतीवर कुठे तरी असतात. एकदा मी बोलायला गेले तर हाताने गप्प केले, आणि नंतर म्हणाले, “ताई, घासताना बोलू नका. डोळ्यांनी घासत असतो तर बोललो असतो.”

या कामाचा शास्त्रीय अर्थ लावायचा प्रयत्न एका मोठ्या माणसाने केला आहे. कलकत्त्यात प्राध्यापक असताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये काही भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा एक जुना नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वरांची तार स्थिर राहायला हवी, ते उपस्वर आवाजातून गळतात. रामन यांनी दाखवले, की वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत. गळायला हवेत ते उपस्वरही खणखणीत ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या त्या बाकदार माथ्यात आहे. प्रकाशावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले ते पुढे १९३० मध्ये. जवारीवरचे काम त्या मानाने छोटे, पण मला ते फार आवडते. शास्त्रज्ञाने सांगितले की हे का घडते. ते घडवायचे कसे, हे गल्लीत आधीपासून माहीत होते. दोन्ही ज्ञाने खरी, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

यंत्राने आपले स्वर पकडावेत हा खटाटोपही आजचा नाही, आणि त्याची सुरुवात आमच्याच भागात झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, बावीस श्रुतींच्या नादी लागले होते. १९१० च्या सुमारास त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून त्यांचे स्वर तारेवर मोजले. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने त्या मोजमापांवरून श्रुति-हार्मोनिअम तयार करवून घेतली. पट्ट्या दाबल्या की हव्या त्या श्रुती बाहेर. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे आली, वाद झाले, आणि ती रुजली नाही. साधी हार्मोनिअम मात्र रुजली, इतकी की आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली आणि ती बंदी तीस वर्षे टिकली तरी पेटीचे काही बिघडले नाही.

या प्रकरणात मला एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. देवलांची पेटी चूक नव्हती. कदाचित ती रोजच्या पेटीहून जास्त बरोबर होती. पण ती एका गवयाचे, त्या-त्या दिवशी गायलेले स्वर कायमचे ठोकून बसवत होती. रोजच्या पेटीला कुणी श्रुतींचा दाखला मागत नव्हते. ती स्वस्त होती, चटकन वाजत होती, आणि लोकांना तेवढे पुरत होते. यंत्र बरोबर आहे का, हा प्रश्न बाजार क्वचितच विचारतो. भागते का, एवढेच विचारतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीला बेंगळुरूचे इंजिनिअर आणि बासरीवादक जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आला. छोटी पेटी, पट्टी बदलायला एक गोल बटण, गती बदलायला दुसरे. पहिल्या पेट्यांतून इलेक्ट्रॉनिक स्वर निघत. त्यांना आम्ही हसायचो. मग खऱ्या तंबोऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून आत भरला जाऊ लागला आणि हसणे कमी झाले. आता तर अ‍ॅप आहे. फोन उशाशी ठेवा आणि पहाटे रियाजाला बसा. संगीतशाळांनी मिरजेला जे गिऱ्हाईक मिळवून दिले होते, ते दोन खोल्यांत राहणारे, बदलीची नोकरी करणारे, पोरीला ‘मध्यमा’ला बसवणारे कुटुंब, पेटीने पहिले नेले ते तेच.

मी याबद्दल गळा काढणार नाही. स्वयंपाक करताना मी अ‍ॅप लावून गुणगुणते. मुंबईच्या लोकलमध्ये तंबोरा घेऊन चढलेल्या माणसाला विचारा, पेटीचे उपकार काय ते. गावागावांत, जिथे जवारी काढणारा दोनशे किलोमीटरवरही नाही, तिथे पेटी नसती तर मुले विसंवादी तंबोऱ्यावर गाणे शिकली असती, आणि त्यापेक्षा पेटी शंभर पटींनी बरी.

तरीही पेटीतल्या आवाजाचा एक स्वभाव आहे, तो मागे बसणाऱ्याला लवकर कळतो. अ‍ॅपमधला तंबोरा म्हणजे कुठल्या तरी कारागिराने, कुठल्या तरी दिवशी, कुठल्या तरी पट्टीसाठी काढलेली जवारी. ती छान असते, म्हणूनच निवडलेली असते. पण ती आता बदलत नाही. खरा तंबोरा मैफलीत स्वस्थ बसत नाही. दिवे तापले, हवा कोरडी झाली, की तार उतरते. पावसाळ्यात लाकूड फुगते. दोन ख्याल झाले की गायक मागे न बघता हात किंचित वर करतो, आणि मी सूर जुळवायला तारेवरचा मणी सरकवते. त्याला काय खटकले ते त्याने सांगितलेले नसते. मला तेच खटकलेले असते. पेटीसमोर या सगळ्याची गरजच उरत नाही. गरज उरली नाही की ऐकणे उरत नाही.

माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या एका मुलीने मला सरळ विचारले, “बाई, अ‍ॅपमध्ये तो लागलेलाच असतो, मग मी लावायला शिकून काय उपयोग?” प्रश्न रास्त होता. मी तिला तंबोरा उतरवून दिला, चारही तारा सैल केल्या आणि लाव म्हटले. पंचम लावताना ती चिडली. जोडीच्या तारा एकमेकींत मिसळेनात. तासाभराने एक क्षण असा आला की दोन तारा वेगळ्या ऐकू येईनात. तेव्हा ती गप्प झाली, आणि तिने पुढे जो सा लावला तो त्याआधी कधी लावला नव्हता. तंबोरा लावणे ही गाण्याआधीची तयारी समजली जाते. माझ्या मते ते गाण्याचाच पहिला धडा आहे आणि तो यंत्राने परस्पर सोडवून टाकला तर मुलाच्या हाती उत्तर येते, गणित येत नाही.

मिरजेचा इतिहास मी असा वाचते. या धंद्यात हात टिकला तो परंपरेच्या आग्रहाने नव्हे. जिथे नुसती ताकद लागत होती, सरळ रेषा लागत होती, मोजमाप लागत होते, तिथे यंत्र आले आणि त्याचे स्वागत झाले. हात उरला तो जिथे दर दोन घासण्यांमध्ये ऐकावे लागते तिथे. आणि हे ऐकणे एकट्या कारागिराचे कधीच नव्हते. जवारी घासताना चाचा गिऱ्हाइकाला समोर बसवतात ते उगाच नाही. मी “जरा खुली करा” म्हटले तर ती किती खुली, हे माझ्या चेहऱ्यावरून ते वाचतात. दोन कानांमध्ये ठरणारी ती गोष्ट आहे. एक कान कच्चा पडला की दुसऱ्याचे कसब वाया जाते.

तेच आता होते आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा गल्लीत आनंद झाला आणि तो मीही केला. दुसरीकडे बनवून ‘मिरज’ म्हणून विकणाऱ्याला त्याने चाप बसेल. कारागिरांच्या पुढच्या पिढीतली मुले मात्र नोकऱ्यांकडे वळत आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. भुशात आणि पॉलिशच्या वासात दिवस काढायचे आणि महिनाअखेर हिशेब जुळवायचा, हे मी माझ्या मुलाला सांगितले नसते. पण दुकानात बसून एक गोष्ट मी पाहत आले आहे, ती कारागिरांच्या हातात नाही. पूर्वी गिऱ्हाईक वाद्य उचलून आधी वाजवायचे, मग नक्षी बघायचे. आता बरेच जण नक्षीचा फोटो काढून घरी पाठवतात, तिकडून होकार येतो आणि वाद्य गाडीत जाते. तार छेडलीच जात नाही. अशा गिऱ्हाइकासाठी कारागिराने कान लावून जवारी का काढावी? आणि कुणी तसा जाब विचारत नसेल, तर त्याच्या हाताखालचा मुलगा ती काढायला का शिकेल?

म्हणून हाताच्या कलेचे मोल किती, हा प्रश्न मला कारागिरापेक्षा गिऱ्हाइकाला विचारावासा वाटतो. शिकलगाराच्या धंद्याला कुणी वाईट काम केले म्हणून उतरती कळा लागली नव्हती. धार तपासणारा माणूस उरला नाही म्हणून लागली. तंबोऱ्याच्या बाबतीत तो माणूस आपण आहोत.

करण्यासारखे फार मोठे नाही. जवारी कायमची नसते. तारांनी घोडीवर खाचा पडतात, आवाज बसतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा काढावी लागते. नव्या वाद्याची विक्री दुकानाला पैसे देते, पण हे परत येणारे जुने वाद्य त्याला शिष्य देते, कारण शिकाऊ मुलाचा हात जुन्या घोड्यांवरच तयार होतो. घरात आजीचा तंबोरा गवसणीत घालून कपाटावर ठेवलेला असेल, तर तो उतरवा आणि मिरजेला घेऊन या. आधी फोन करून या, सुट्टी कुठल्या वारी ते विचारा. तुमची पट्टी सांगा, समोर बसा, घासताना बोलू नका, आणि आवाज पसंत नसेल तर तसे तोंडावर सांगा. त्याचा इथे कुणाला राग येत नाही. भावात घासाघीस करायची असेल तर ती नक्षीवर करा. जवारीचे मागतील तेवढे द्या.